सरूच्या पिशव्या आणि काळुरामची मूठ

गडबच्या खाडीकडच्या अंगाला सरूची दोन भातखाचरं होती. नवरा काळुराम धरमतरला बार्जवर खलाशी होता. पाठीनं दगा दिला तसा घरी बसला. मग दोघांनी खाचरं खोदून तळी केली, एक त्याचं, एक तिचं, आणि पावसाळ्यात रोहू-कटल्याची पिल्लं सोडली.

भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड घालायची, यावर दोघांचं एकमत होतं. कशी घालायची, यावर मात्र रोज वाजायचं. काळुराम बांधावर उभा राहून "या रं, या" करत मुठीमुठीनं टाकायचा. मासे उसळ्या मारत त्याच्या पायाशी गोळा व्हायचे. बार्ज सुटल्यापासून त्याचा चेहरा तेवढ्यापुरताच खुलायचा. सरूला दिसायचं ते वेगळंच. निम्मं खाद्य तळाशी जाऊन कुजत होतं, पाण्याला वास येत होता. तिनं आपल्या तळ्यात बांबू रोवले, खताच्या रिकाम्या पिशव्या धुऊन त्यांना भोकं पाडली आणि खाद्य भरून पाण्यात टांगल्या. मासे भोकांना तोंड लावून हवं तेवढंच ओढून खायचे.

"आसं टांगून ठेवलंस तर मासा तुला वळखंल का गो?" काळुराम म्हणाला.

"वळखून काय करायचा हाय? वाढला म्हंजे झालं."

नवरात्रात दोन्ही तळ्यांत जाळं टाकून पाहिलं. सरूचा रोहू हाताला जड लागला. काळुरामचा डोक्यानं मोठा नि अंगानं किरकोळ. त्यानं तो हळूच पाण्यात सोडला.

"माज्या तल्यातपन टांग पिशव्या," एवढंच म्हणाला.

त्यानंतरही तो रोज सकाळी बांधावर येऊन बसायचा, रिकाम्या हातानं. मासे पाण्याखालीच खात. वर कुणी येत नसे. सरूला ते बघवत नव्हतं. पण मासे तर वाढत होते.

दिवाळीच्या अवसेच्या उधाणात खाडीचा बंधारा फुटला. सकाळी सरूनं पिशवी ओढली, ती भरलेलीच. दुसरीही तशीच. तिनं ओलं बोट जिभेला लावलं.

"आवं, पानी खारा झाला."

काळुराम बसल्या जागेवरून उठला नाही. दिवसभरात मासे पोटं वर करून कडेला लागले, तिच्या तळ्यातले आणि त्याच्याही. दोघांनी टोपल्या भरभरून ते खड्ड्यात पुरले. सरकारी साहेब येऊन बंधाऱ्याचं भगदाड बघून गेले. पुढच्या उधाणात ते आणखी रुंदावलं.

मुलगी नम्रता दोघांना रोह्याला आपल्या खोलीवर घेऊन गेली. काळुराम तिथं भिंतीकडं तोंड करून पडून असतो. मुठीनं टाकत राहिला असता तर निदान बंधारा फुटेपर्यंतचे ते चार दिवस तरी मासे त्याच्याकडं आले असते, हे सरूच्या मनातून जात नाही.

"आये, औंदा बंधारा बांधतील म्हनतात. परत सोडाल पिल्लं?" एकदा नम्रतानं विचारलं.

"त्यांना इचार," सरू म्हणाली.

नम्रतानं विचारलं. काळुरामनं कूससुद्धा बदलली नाही.