पोटुशीची अर्धी भाकर

माझं माहेर किन्हीराजाचं आणि सासर वाशीमकडच्या मालेगावला लागून. सासरी भाजीचा मळा. पालक, मेथी, वांगी, बांधावर शेवगा, विहिरीजवळ पपईची चार झाडं. सकाळी जुड्या बांधायच्या, ओल्या पोत्यात गुंडाळायच्या आणि बाजारात पाठवायच्या, हेच आमचं काम.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. पाचवा महिना लागला तशी सासूबाईंनी माझ्या ताटातली भाकर अर्धी केली. जास्त खाल्लं की लेकरू पोटात मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, असं त्यांचं म्हणणं. पालेभाजी वातूळ म्हणून बंद. पपईकडे तर बघायचीही सोय नव्हती. आशाताई घरी येऊन लोहाच्या गोळ्या देऊन जायच्या. शेजारच्या काकूंनी सांगितलं की या गोळ्यांनी लेकरू काळं निपजतं, तेव्हा त्या मी पेटीत साड्यांखाली सारून दिल्या. हे मी लपवत नाही. सगळा दोष सासूबाईंवर ढकलणं सोपं आहे, पण भाकर त्यांनी कमी केली आणि गोळ्या मी टाळल्या. मी बारावी पास होते.

आठव्या महिन्यात मेथी उपटता उपटता वाफ्यातच चक्कर येऊन पडले. वाशीमला नेलं. अंगात रक्तच नव्हतं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. मुलगी झाली, ती दोन किलोही भरली नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि मी वीस दिवस त्या खोलीबाहेर बसून वाटीत दूध काढून देत राहिले. तिथल्या सिस्टरनं कागद भरताना विचारलं, घरी काय करता? मी म्हटलं, भाजीचा मळा आहे. तिचा पेन थांबला. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढं लिहायला लागली. ती काही बोलली असती तर मला इतकी लाज वाटली नसती.

मुलगी वाचली. आता चौथीत आहे आणि घरभर धिंगाणा घालते. पण दवाखान्यातल्या त्या खोलीबाहेर बसूनच मी मनाशी पक्कं केलं होतं की या घरात पुन्हा कोणी पोटुशी बाई उपाशी राहणार नाही.

मागच्या वर्षी ती वेळ आली. धाकटी जाऊ कामरगावची, एकोणीस-वीस वर्षांची, अबोल. तिला पाचवा लागला आणि सासूबाईंनी तिच्या ताटातली अर्धी भाकर उचलून टोपलीत ठेवली. मी ती उचलून परत ताटात ठेवली. त्यांनी पुन्हा काढली. मी पुन्हा ठेवली. जाऊ मान खाली घालून बसली होती. मी तिला म्हटलं, "खा." तिनं सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घास मोडला. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीजवळ आम्ही दोघीच जुड्या बांधत होतो. मी भांडायचं नाही असं ठरवून गेले होते. आई, तुम्हाला एवढी भीती कशाची वाटते, एवढंच विचारलं. त्यांनी हातातल्या जुडीला सुतळी गुंडाळली. मग म्हणाल्या, "माह्यी मोठी बहीण बाळंतपणात गेली. दोन दिवस अडून होती. लेकरू बी गेलं. सुईण म्हने, इनं लय खाल्लं, लेकरू मोठं झालं. अन् तिले खाऊ घालनारी मीच होती. चोरून गूळ-शेंगदाणे देत जाव."

इतकी वर्षं त्या घरात राहून मला हे माहीत नव्हतं. राग जिरला, पण ठरवलेलं बदललं नाही. उलट वाटलं, आता हे त्यांच्यासाठीही करायला हवं.

जावेच्या तपासणीच्या दिवशी मी सासूबाईंना ऑटोत बसवून दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी सासूबाईंनाच खुर्ची दिली आणि विचारलं, बहीण किती वर्षांची होती? पंधराची. उंची? ठेंगणीच. दवाखान्यात कधी नेलं? नेलंच नाही, नाल्याला पूर होता. डॉक्टर बाई म्हणाल्या की मावशी, वय कोवळं होतं, वाट अरुंद असेल, आणि वेळेवर दवाखाना मिळाला नाही. तुमच्या गूळ-शेंगदाण्यानं ती गेली नाही. उपाशी ठेवल्यानं बाळंतपण सोपं होत नाही, आई आणि लेकरू दोघं अशक्त होतात. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, लेकराच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. फक्त गोळी चहासोबत घ्यायची नाही, आणि जेवणात लिंबू पिळायचं. पपईचं मी मुद्दाम विचारलं. कच्ची नको, चांगली पिकलेली चालते, असं उत्तर मिळालं.

 परत येऊन मळ्याच्या फाटकाशी उतरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुले करायचं ते कर. पण पोरीले काई झालं तर मी तुह्यं तोंड पाह्यनार नाई."

मी हो म्हटलं. पुढचे चार महिने मी जावेच्या ताटाशी बसले. सकाळी मोड आलेले मूग, दुपारी पूर्ण भाकर आणि पालक नाहीतर शेवग्याच्या पाल्याची भाजी, वर लिंबू. गोळी माझ्यासमोर गिळायची. तिला मळमळायचं, ती कंटाळायची, एकदा रडलीही. मी थोडं थांबून पुन्हा वाढायचे. सासूबाई आता भाकर काढत नव्हत्या, पण वाढतही नव्हत्या.

नवव्या महिन्यात सोनोग्राफीत लेकरू आडवं दिसलं. ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनच्या दुपारी मी बाहेरच्या बाकावर बसले. डॉक्टर बाईंचं बोलणं मला पाठ होतं, तरी मनात एकच येत होतं की हिला काही झालं तर उद्यापासून गावातली प्रत्येक पोटुशी माझ्यामुळं उपाशी राहील.

मुलगा झाला, तीन किलोला थोडा कमी. जावेला रक्त चढवावं लागलं नाही. संध्याकाळी शेजारच्या काकू भेटायला आल्या आणि खाटेजवळ उभ्या राहून म्हणाल्या की थोरलीनं खाऊ घालून घालून पोट चिरायची पाळी आणली.  मी काही म्हणायच्या आत सासूबाईच बोलल्या.

"लेकरू आडवं होतं, मोठं नोतं. पालक खाऊन कोनी आडवं होत नाई." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माह्यी बहीण बी खाऊन नाई गेली."

काकू लवकरच निघाल्या. सासूबाई बाळाची दुपटी घडी करत बसल्या. एकच दुपटं तीनदा उलगडून त्याची घडी केली. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

सगळं तिथंच सरळ झालं, असं मात्र नाही. घरी आल्यावर, पाणी प्यायलं की बाळंतिणीचं पोट सुटतं म्हणून त्यांनी जावेच्या खाटेजवळचा पाण्याचा तांब्या उचलला. मी तो परत आणून ठेवला. त्या म्हणाल्या, "हे बी का?" मी म्हटलं, हे पण. दूध यायला पाणी लागतं, डॉक्टर बाईंना विचारून आले आहे. त्यांनी सुस्कारा सोडला आणि तांब्या तिथंच राहू दिला. मग जावेच्या कानात घालायला कापसाचे बोळे घेऊन आल्या, वारं लागू नये म्हणून, आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. कापसानं कोणाचं काही बिघडत नव्हतं. मी बाजूला सरकून त्यांना जागा दिली.