मॅडमच्या पोटातलं सूत

पेंढा महाग झाला म्हणून धम्मपालने घोडीखाली सूत अंथरलं, आणि ही आपल्या आयुष्यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट आहे, असं दोन दिवस भिवंडीजवळच्या अख्ख्या टेमघरला सांगत सुटला. तिसऱ्या दिवशी घोडीने अंथरूण खाल्लं.

यात घोडीचा काही दोष नव्हता. शेजारच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, तुटलेल्या सुताच्या गोण्या पडून असतात. मुकादम म्हणाला, ने फुकट, मला तेवढीच जागा मोकळी. पण ते सूत सायझिंगमधून आलेलं, म्हणजे धागा तुटू नये म्हणून त्याला पिठाची खळ चोपडलेली. आपल्याला तो कचरा दिसतो, घोडीला शेवया दिसल्या. भिवंडीतल्या माणसाला हे कळायला हवं होतं. धम्मपालचा बाप दत्तू तीस वर्षं लूमवर उभा होता आणि धम्मपाल स्वतः सायझिंगमध्ये खळीच्या बादल्या उचलून दहावी पास झाला होता. इतकी माहिती डोक्यात असल्यावर विचाराला जागा कुठून उरणार?

घोडीचं खरं नाव बिजली. माथेरानच्या घोडेवाल्याने ती विकताना सांगितलं होतं, "एकदम गरीब जनावर, भाऊ. लहान पोर पण बसेल." टेम्पोत चढवताना गरीब जनावराने धम्मपालच्या खांद्याचा चावा घेतला आणि व्यवहार पक्का झाला. रंग पांढराशुभ्र, म्हणजे अंघोळीनंतर तासभर. एरवी तिचा रंग भिवंडीच्या रस्त्यांसारखा. 'मॅडम' हे नाव ठेवलं धम्मपालच्या बायकोने, वनिताने. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "घरात पहाटे उठून कुणाच्या पुढ्यात नाश्ता नेला जातोय, ते बघतेय मी. बिजली कसली? मॅडम म्हणा मॅडम."

नाश्ता म्हणजे भिजवलेले चणे आणि गव्हाचा कोंडा. धम्मपाल साडेचारला उठतो. आधी लीद भरायची. ती नर्सरीवाल्याला फुकट द्यायची आणि रिकामी गोणी परत मागितली की त्याचं वाकडं तोंड बघायचं. मग खरारा. मग खूर उचलून खडे काढायचे, हे करताना मॅडम आपलं अर्धं वजन विश्वासाने त्याच्या पाठीवर टाकते. अंबाडीहून गवताचा टेम्पो येतो. गवतवाला पावसाळ्यात म्हणतो गवत ओलं आहे म्हणून महाग, उन्हाळ्यात म्हणतो नाहीच आहे म्हणून महाग. दीड महिन्याने कल्याणचा नालबंद येऊन चार पायांना चार नाल ठोकतो. तेव्हा वनिता दारात उभी राहून सांगते, "माझ्या चपलेचा पट्टा दिवाळीपासून तुटलाय. त्यांना म्हणावं, हातासरशी मला पण एक खिळा मारा."

हे सगळं उरकून आठ वाजता धम्मपाल गोदामात ड्युटीला जातो. तिथे दिवसभर खोके स्कॅन करतो. त्या पगारावर मॅडम जगते आणि मॅडमच्या मेहेरबानीने धम्मपाल स्वतःला धंदेवाला म्हणवतो. लग्नसराईचे चार महिने मॅडम कमावते. उरलेले आठ महिने ती विचार करते.

एक गुण मात्र मानावा लागेल. डीजेच्या भिंतीसमोर भले भले घोडे उधळतात, मॅडम ढिम्म. दिवसरात्र लूमच्या खडखडाटात राहिलेलं जनावर ते. शुक्रवारी सुटीला लूम बंद झाले, की ती कान टवकारून बेचैन होते. शांतता तिला सोसत नाही.

मग हा पांढरा हत्ती, म्हणजे ही घोडी, पाळली कशाला? धम्मपाल सांगतो, "साइड बिझनेस." वनिताला खरं ठाऊक आहे, कारण त्या दिवशी ती मांडवात बसली होती. त्यांच्या लग्नात घोडा ठरला होता. सकाळी घोडेवाल्याने नीट पत्ता विचारला, कुठली वस्ती, विहाराच्या अलीकडे की पलीकडे, आणि पत्ता कळताच त्याला अचानक दुसरी बुकिंग आठवली. धम्मपाल मित्राच्या स्कूटरवर मागे बसून आला, फेटा एका हाताने धरून. म्हणून त्याचा एकच नियम होता: शब्द दिला की घोडी दारात. वस्ती कुठली, हे फक्त रस्ता कळावा म्हणून विचारायचं. सहा वर्षांत एकही वरात चुकली नव्हती.

अंथरूण खाल्लं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, शेलार गावच्या केसरीनाथच्या मुलाची, भाविकची वरात होती. सकाळी धम्मपाल चणे घेऊन गेला तर मॅडम आडवी. घामाने निथळलेली. मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती, जणू तिथे कुणी चोर शिरलाय. आणि रात्रीपासून लिदेचा पत्ता नाही.

गुरांचे डॉक्टर आले. सगळा जन्म त्यांनी तबेल्यातल्या म्हशी तपासण्यात घातलेला.

"काय खाल्लंय?"

"चणे. कोंडा."

"अजून?"

धम्मपालने खाली बघितलं. "अंथरूण."

"वा!" डॉक्टर म्हणाले. "म्हशी प्लॅस्टिक खातात, बकऱ्या पोस्टर खातात. अंथरूण खाणारी पहिलीच. तुम्ही कुठपर्यंत शिकलात?"

"दहावी."

"घोडीला पण शिकवायचं होतं." मग त्यांनी मॅडमच्या नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ, म्हशीचं वेगळं. घोड्याला उलटी होत नाही. आत गेलेल्याला पुढचा एकच रस्ता. हिला लोळू देऊ नकोस, चालव. संध्याकाळपर्यंत लीद पडली तर घोडी तुझी."

"आणि नाही पडली तर?"

डॉक्टर हात धुवायला गेले.

धम्मपाल लगाम धरून गल्लीत येरझारा घालू लागला. तो दमला की वनिता. जी बाई घोडीशी सहा वर्षं टोमण्यातच बोलायची, ती आता तिच्या कानाशी लागून म्हणत होती, "चल ग बाई, चल. थोडंच राहिलंय." गल्लीतून जाणारा येणारा विचारत होता, "पडली का?" लूमवरचे कामगार शिफ्ट सुटल्यावर डबा हातात घेऊन थांबले, "हुआ क्या, भाई?" निवडणुकीच्या निकालासाठीही टेमघर इतकं ताटकळलं नसेल.

तीनच्या सुमारास केसरीनाथची पांढरी गाडी येऊन थांबली. गळ्यात चेन, कपाळावर हळद.

"धम्मा, आरं अजून झूल न्हाय घातली? पाचला निघाचं हाय."

"दादा, घोडी आजारी आहे."

"उभी तं हाय! तासाभराचं काम. देवळापासून घरापर्यंत. आमचा भाविक काय वजनाचा पोरगा हाय का?"

भाविक नव्वद किलोचा होता, पण बापाला तो अजून सहावीतलाच दिसत होता.

"दोन हजार वरती घे," केसरीनाथ म्हणाला. मग ओट्यावर बसून राहिलेल्या डॉक्टरांकडे वळला. "सायेब, मारा एक इंजेक्शन. उभी ऱ्हाते का न्हाय बघू."

"राहील ना," डॉक्टर म्हणाले. "दुखणं तिला कळणार नाही. मग वरातीत ती कोसळेल आणि तुमचा मुलगा तिच्याखाली कसा दिसतो, ते फोटोत येईल."

केसरीनाथ डॉक्टरांशी बोलणं सोडून पुन्हा धम्मपालच्या जवळ आला, आणि आता त्याचा आवाज वेगळा होता. "आरं पाव्हनं आलेत. पोरगा फेटा बांधून बसलाय. काय सांगू त्याला?"

फेटा बांधून बसलेल्याला काय वाटतं, ते केसरीनाथपेक्षा धम्मपालला जास्त माहीत होतं. त्याने मॅडमकडे पाहिलं. ती पुढच्या खुराने जमीन उकरत होती, नाकपुड्या फुगलेल्या, आणि तरीही लगाम सैल होता. ती त्याच्या मागे चालायला तयार होती. शेलारपर्यंतही आली असती.

"नाही जमणार, दादा. चूक माझी आहे, तिची नाही."

त्याने फोन काढला आणि आगाऊ घेतलेले पाच हजार तिथल्या तिथे परत पाठवले. केसरीनाथच्या खिशात फोन टिंगकन वाजला. त्याने बघितलंही नाही.

"शेलारमधनं आता एक बुकिंग तुला भेटाचं न्हाय," असं म्हणून तो गाडीत बसला.

भाविक शेवटी त्याच गाडीच्या छताच्या खिडकीतून अर्धा बाहेर निघून, हात जोडत जोडत मिरवला. फोटो इतके झकास आले, की शेलारमध्ये आता प्रत्येक नवरदेवाला छत उघडणारी गाडी हवी आहे. धम्मपालने समाजाची केलेली ही सेवा कुणी लक्षात ठेवलेली नाही.

सव्वासहाला, गल्लीच्या अगदी मधोमध, मॅडम थांबली. शेपूट वर झालं. लूमच्या खडखडाटातही ऐकू जाईल असा एक आवाज झाला आणि लीद पडली. डॉक्टरांनी काडीने ती उसकटली; आत सुताचा गुंता होता, चांगला मुठीएवढा. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. धम्मपाल पायरीवर बसला आणि उपरण्यात तोंड खुपसून रडला. वनिता डोळे पुसत म्हणाली, "अहो, उचला आता ती. लोकांचा रस्ता आहे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फक्त कोंड्याचं पाणी सांगितलं होतं. मॅडमला ते मान्य नव्हतं. शेलारची हौसा मावशी भाजीची पाटी घेऊन गल्लीतून निघाली, तोच मॅडमने मान लांब केली आणि मेथीच्या दोन जुड्या उचलल्या. धम्मपालने धावत येऊन एक अर्धी ओढून काढली. बाकीची आत गेली होती.

"आरं ए! आवर तुझ्या म्याडमला! चाळीस रुपये झालं!"

घोडी खातेय, या आनंदात धम्मपाल वेड्यासारखा हसत होता. मग त्याने खिसे चाचपले. फोनमध्ये अकरा रुपये होते.

"मावशी, उद्या देतो."

"उद्या?" हौसाने पाटी पुन्हा डोक्यावर चढवली. "काल वरातीत तुज्याबद्दल काय काय बोलत व्हते, मायती हाय का तुला?"

"काय बोलत होते?"

"चाळीस रुपये दे, मंग सांगते."

याला तीन आठवडे झाले. हौसा रोज गल्लीतून जाते, रोज त्याच्याकडे बघते. धम्मपालचा पगारही झाला आहे. चाळीस रुपये मात्र त्याने अजून दिलेले नाहीत.