पुलीतला पॉइंट तीन

आप्पा गेल्यावर वाटणी झाली. उद्यमनगरातली लेथ मला आली आणि रेकॉर्ड प्लेअर धाकट्या भावाकडे गेला. रेकॉर्ड प्लेअरबरोबर आईही गेली. असं म्हटलेलं तिला आवडणार नाही, पण मला ते तसंच दिसलं. कारणं सगळी रास्त होती. माझं घर वर्कशॉपच्या वर, जिना उभा, आणि आईचे गुडघे दुखतात. भावाचा फ्लॅट तळमजल्यावर. मीच सगळ्यांसमोर म्हणालो, "आई, तू तिकडंच ऱ्हा." म्हणालो खरा, आणि त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं.

भाऊ बँकेत आहे. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो हे त्याला विचार करून सांगावं लागतं. आणि आप्पांचं मशीन त्याच्या घरी! दुपारची जेवणं झाली की तो टॉवेलच्या टोकानं रेकॉर्ड पुसतो (टॉवेलनं!), सुई टेकवतो आणि आई सोफ्यावर मांडी घालून रेकॉर्डबरोबर गाते. रेकॉर्ड एका बाईंच्या भक्तिगीतांची आहे. आई कुणाकडे गाणं शिकलेली नाही, पण त्या रेकॉर्डच्या दोन्ही बाजू ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणते. बाई जिथं श्वास घेतात तिथंच ती घेते. शेजारच्या बायका येऊन बसतात. मी रविवारी तिथं गेलो की भाऊ माझ्याकडे असा बघतो, जणू गाणं त्यानंच बसवून घेतलंय. तो तसं बघत नसेलही. मला तसं दिसतं.

एका रविवारी तिथून परत येताना मी ठरवलं की आपणही मशीन करायचं, आणि असं करायचं की आई माझ्या घरी येऊन गाईल.

कागलच्या एका भंगारवाल्याकडे मला हुबेहूब आप्पांच्यासारखा प्लेअर सापडला. तीच कंपनी, तेच मॉडेल. वर कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं ठेवलेलं होतं. "पावणं, चालू न्हाय हां ते, आदीच सांगतो," भंगारवाला म्हणाला. मला चालू नकोच होता. चालू असता तर मी केलं काय असतं?

चार महिने लागले. आतलं ग्रीस चिक्कीसारखं कडक झालं होतं, ते रॉकेलमध्ये भिजवून खरवडून काढलं. थाळी ज्या दांड्यावर फिरते त्याचा बुश झिजला होता, तो नवा पितळी काढला. मधल्या चाकाचं रबर वाळून भेगाळलं होतं. आमच्या गल्लीत रोलरला रबर चढवून देणारा एकजण आहे, त्यानं हसत हसत ते चढवून दिलं आणि मी लेथवर पॉलिश पेपर लावून ते गोल केलं. मूळची पेटी हलकी, मोटरची थरथर सुईपर्यंत यायची. म्हणून फौंड्रीतून बिडाची जाड प्लेट ओतून आणली आणि सगळं मशीन तिच्यावर बसवलं. बायको म्हणाली, "आता टेबलाला टेकू लावा, न्हायतर गानं खालच्या मजल्यावर ऐकाय जावं लागंल." सुई मात्र नवी मागवली. ती काही माझ्या हातची गोष्ट नव्हती.

शेवटी वेग. काळ्या रेघांची एक कागदी तबकडी असते. ती थाळीवर ठेवून ट्यूबलाइटच्या उजेडात फिरवायची. वेग अचूक असला की रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. एलईडीच्या उजेडात हे जमेना, म्हणून वर्कशॉपमधली जुनी चोकवाली ट्यूब घरात आणून टांगली. बटण दाबलं आणि रेघा उभ्या राहिल्या. एकही सरकेना. माझे हात धुवायचे राहिले होते, तसाच मी खुर्चीत बसून त्या रेघांकडे बघत राहिलो. तीस वर्षं टर्नर म्हणून काम केलेल्या माणसाला मापात बसलेली वस्तू बघताना जे वाटतं ते मला वाटत होतं, आणि त्यात भावाची जिरवल्याचा आनंदही होता.

आईला जेवायला बोलावलं. पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, सुकं मटण, सगळं केलं. ती रेकॉर्ड पिशवीत घालून घेऊन आली, दोनदा थांबत जिना चढली. जेवणानंतर मी रेकॉर्ड लावली, तिच्या मधोमध ती रेघांची तबकडी ठेवली आणि सुई टेकवली. आवाज असा स्वच्छ आला की तबलजीच्या बोटाचं घासणंसुद्धा ऐकू आलं. मी आईच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं पहिल्या ओळीला तोंड उघडलं, दुसऱ्या ओळीला मिटलं आणि कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली.

"बरं हाय," ती म्हणाली. "आवाज झ्याक येतोय. पर ही बाई घाईत गातीया."

"घाईत कसली? रेघा बघ की, जरा तरी हलत्यात काय?"

"रेघा मला काय करायच्यात? आमच्या घरच्या मशीनवर निवांत गाती ती."

आमच्या घरच्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या रविवारी मी तबकडी, एक चोकवाली ट्यूब आणि जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन भावाकडे गेलो. आई देवळात गेली होती. ट्यूब लावली, तबकडी फिरवली. रेघा मागं मागं पळत होत्या. मशीन सरळसरळ हळू फिरत होतं. थाळी उचलून बघितलं. मोटरच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी पितळी पुली असते. ती जेवढी जाड, तेवढी थाळी जोरात. माझ्या मशीनमधल्या पुलीपेक्षा ही पॉइंट तीन मिलिमीटर बारीक होती. कंपनीची नव्हतीच. लेथवर काढलेली होती, आणि तो हात मी ओळखला. आप्पांचं काम. आप्पांचं माप चुकलं होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ज्या माणसानं माझी अर्ध्या केसाची चूक कधी चालवून घेतली नाही, त्याची पॉइंट तीनची चूक माझ्या हातात होती.

"तुझं मशीन हळू फिरतंय," मी भावाला सांगितलं.

"फिरू दे की दादा. आईला आवडतंय न्हवं?"

त्याच्या या चांगुलपणाचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. सोमवारी लेथवर पहिलं काम काढलं ते पुलीचं. मापात, अगदी मापात. मनात हिशेब साधा होता. भावाचं मशीनही बरोबर फिरू लागलं की तिथली बाईसुद्धा घाईत गाईल, आणि मग आईला दोन्ही घरं सारखी होतील. सारखी झाली की स्वच्छ आवाजाचं माझं मशीन जिंकेल.

पुढच्या रविवारी आई देवळात असतानाच मी पुन्हा गेलो. भावाला म्हणालो, "जरा तेल घालतो." त्यानं चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत मी पुली बदलली आणि आप्पांची पुली शर्टाच्या खिशात टाकली.

आई आली, जेवली, सोफ्यावर बसली. शेजारच्या दोन बायका आल्या. भावानं रेकॉर्ड पुसून सुई टेकवली आणि आईनं गायला सुरुवात केली. पहिलं कडवं तिनं कसंबसं गाठलं. दुसऱ्यात बाई वरच्या सुरात गेली तेव्हा आईचा आवाज चिरकला. श्वासाची जागा तिला सापडेना, ती मागं राहिली, मग ओळ सोडून पुढं पळाली आणि खोकल्याची उबळ आली. मी तिच्या तोंडून एकच वाक्य ऐकायला बसलो होतो, की इथंही बाई घाईत गातीया.

ती तसं म्हणाली नाही. भावाला हातानं सुई उचलायला सांगितली, पाणी प्याली आणि शेजारणींकडे बघून हसली.

"झालं माझं," ती म्हणाली. "लगीन होऊन आल्यावर मला हिच्याबरोबर म्हनाय यायचं न्हाय. दम पुरायचा न्हाय, पट्टी गावायची न्हाय. मग ह्यांनी कारखान्यात काय तरी घासून आनलं आनि माझ्यासाटनं मशीन हळू करून दिल्तं. कुनाला सांगू नगं म्हनायचे, टर्नरची लाज जाईल. आता तेबी झेपंना. वय झालं म्हनायचं."

माझ्या घरी तिनं मशीनला नाव ठेवलं होतं. इथं तिनं स्वतःला ठेवलं, कारण हे मशीन आप्पांनी करून दिलेलं होतं आणि त्यात चूक असेल हे तिच्या मनातही येणार नव्हतं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा तेलाचं निमित्त काढलं आणि जुनी पुली परत बसवली. आईला म्हणालो, "आता बघ म्हनून. जमंल." शेजारणींनीही आग्रह केला. "नगं बाबा," ती म्हणाली, "उगं हसं व्हायचं." मी दोनदा म्हणालो, तिसऱ्यांदा ती चिडली. मशीन पूर्वीसारखं निवांत फिरत राहिलं आणि ती पदर आवळून नुसती ऐकत बसली.

पुली मी बदलली होती, एवढं एकच वाक्य मला सांगायचं आहे. ते सांगितलं तर ती उद्या गाईल. पण ती विचारणार, "का रं?" आणि मी धाकट्यावर जळतो, हे उत्तर पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या तोंडून आईसमोर अजून निघालेलं नाही.

गेल्या महिन्यात तिनं रेकॉर्ड माझ्याकडे पाठवून दिली. भावानं स्वतः आणून दिली, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. "आई म्हणाली, आता नुसतं ऐकायचंच हाय तर दादाच्या मशीनवर ऐकू. तुझं भारी हाय म्हणती." तो मनापासून खूश होता. तेव्हापासून ती दर रविवारी जिना चढून माझ्याकडे येते, सगळी रेकॉर्ड ऐकते आणि एकदाही ओठ हलवत नाही.