पहिला आठवडा फुकट की विकत?

गल्लीत त्यांना सगळे कवळीकाका म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. उभा जन्म दातांच्या लॅबमध्ये गेलेला. दाताचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवायचे आणि काका टेबलाशी वाकून, मेण तापवून, एकेक दात रांगेत बसवून कवळी घडवायचे. पेशंटचा चेहरा कधी दिसायचा नाही, नुसतं तोंड. त्यामुळे रस्त्यात कोणी मोकळेपणी हसलं की काकांची नजर आधी हिरड्यांवर जायची, आणि काकू त्यांना कोपरानं ढोसायच्या, "अहो, माणसाकडे बघा जरा. दात काय बघताय!"

काकांचा उरलेला जीव माउथ ऑर्गनमध्ये होता. लॅबमध्ये साच्यातलं प्लास्टर वाळेपर्यंत हाताला काम नसायचं. त्या रिकाम्या वेळात ते आपले आपणच शिकले आणि चांगलं वाजवू लागले. निवृत्त झाल्यावर फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून त्यांनी धडे चित्रित करायला सुरुवात केली. बोलणं साधं, वाजवणं गोड, आणि सूर चुकला की स्वतःच खो खो हसायचे. लोकांना ते आवडायला लागलं. दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या लेकीनं हे पाहिलं आणि बापासाठी वेबसाइट उभी केली. सगळे धडे एका जागी, शनिवारी दुपारी खुद्द काकांबरोबर वर्ग, आणि हे सगळं वर्गणी भरणाऱ्या सभासदांसाठी.

सगळं झालं आणि गाडं एका बटणाशी अडलं.

"बाबा," लेक फोनच्या पडद्यावरून म्हणाली, "सभासद होण्याआधी लोकांना आठवडाभर आत येऊन बघता येईल. तो आठवडा फुकट ठेवू की थोडे पैसे घेऊ? दोन्हीपैकी एक काहीतरी सांगा."

"फुकट! यात विचारायचं काय?" काका म्हणाले. "अगं, कवळी पक्की करायच्या आधी मेणात दात लावून पेशंटच्या तोंडात घालून बघतात. त्याला आरसा दाखवतात. पटलं तर पुढे. त्याचे कोणी पैसे घेतं का?"

काकू पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत काढली होती. खिडकीच्या अर्धगोल भोकातून त्यांनी जेवढी माणसं ओळखली, तेवढी भल्याभल्यांना ओळखता आली नसती.

"पैसे घ्या," त्या म्हणाल्या. "थोडेच घ्या, पण घ्या. फुकट पासवाल्यांना मी चांगली ओळखते. येणार उशिरा, बसणार पुढच्या रांगेत, मध्यंतरापर्यंत घड्याळ बघणार आणि मग पसार. तिकीट काढलेला माणूस मात्र पडदा पडेपर्यंत जागचा हलत नाही. नाटक पडेल असलं तरी!"

"म्हणजे माझं पडेल आहे?"

"तसं कुठं म्हटलं मी?"

"तुमचं आधी ठरू दे," लेक हसत म्हणाली, "मला मीटिंगला जायचंय."

अखेर वाजवणारे काका, म्हणून शब्दही काकांचाच राहिला. आठवडा फुकट झाला.

पहिल्या शनिवारी पडद्यावर इतके चौकोन उगवले की काकांना चष्मा पुसून घ्यावा लागला. "बघ, हाऊसफुल्ल!" त्यांनी काकूंना हाक मारली. काकूंनी मागून डोकावून पाहिलं. बहुतेक चौकोन काळे होते. एकात नुसता पंखा फिरत होता. एकीचं कढईत काहीतरी परतणं चाललं होतं आणि त्याचा चुर्र आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. एक गृहस्थ उशीला टेकून पडले होते आणि पंधरा मिनिटांत त्यांचा नुसता जबडा दिसू लागला. ("वरची दाढ किडलीय," काका पुटपुटले.)

"हं, आता सगळ्यांनी माउथ ऑर्गन ओठांना लावा," काका उत्साहानं म्हणाले.

कोणी काही लावलं नाही. बऱ्याच वेळानं एकानं विचारलं, "सर, तो विकत घ्यावा लागतो का?"

काकांनी तरी धीर सोडला नाही. ज्यांच्याकडे वाद्य नव्हतं त्यांना शीळ घालायला लावली, ज्यांना शीळ येत नव्हती त्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. पण आठवडा सरला आणि सगळी मंडळी, जत्रा उठावी तशी, उठून गेली. का आलात, का चाललात, कोणी चकार शब्द काढला नाही.

दोन दिवस काकांचा माउथ ऑर्गन डबीतून बाहेरच आला नाही. "माझंच वाजवणं हल्ली फसतंय का गं?" त्यांनी शेवटी विचारलं.

काकूंना जिंकल्याचा आनंद झाला होता, पण नवऱ्याचं तोंड बघून तो त्यांनी आवरला. "वाजवणं झकास आहे. तुमचा मेणाचा हिशेब चुकलाय. मला सांगा, मेणाची कवळी कोणाच्या तोंडात घालतात? रस्त्यानं जाणाऱ्या कोणाच्याही?"

"छे! ज्यानं माप दिलंय त्याच्याच."

"आणि माप देताना?"

काका विचारात पडले. माप देताना माणूस खुर्चीत आडवा होतो, आ वासतो, तोंडात तो गार लगदा कोंबून घेतो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत श्वास धरतो. "बराच त्रास होतो," त्यांनी कबूल केलं.

"मग? आधी थोडं सोसलेलं असतं, म्हणून तो आरशात नीट बघतो."

काकांनी लेकीला फोन लावून सांगितलं, "आईचं ऐक. पैसे लाव. पण बाल्कनीच्या तिकिटापेक्षा जास्त नको."

या वेळी जेमतेम एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे लोक आले. पण प्रत्येकाचा चेहरा दिसत होता आणि प्रत्येकाच्या हातात वाद्य होतं. आता पंचाईत काकांची झाली. फुकटात चुकलं तर हसून सोडून देता येतं. पैसे घेतल्यावर कसं हसायचं? त्यांनी लग्नाला घालायचा शर्ट इस्त्री करून घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि बातम्या दिल्यासारखे बोलू लागले. "आजच्या सत्रात आपण एकल स्वराच्या निर्मितीचा अभ्यास करणार आहोत." दाराआड काकूंनी पदराचा बोळा तोंडात धरला.

त्या वर्गात शहरातली बस चालवणारी एक बाई होती. भरदार आवाज, बोलणं रोखठोक. पहिला वर्ग तिनं ऐकून घेतला आणि पुढच्या शनिवारी ब्रेक दाबावा तशी मध्येच बोलली.

"एक मिनिट, सर. आठवडा संपत आला. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली की मी रोज वाजवत बसते. पण एक सूर काढायला गेलं की तीन निघतात, वर फस्स करून वारा. मी पैसे भरलेत. मला काय मिळालं?"

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. काकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. बातम्यांचं मराठी कुठल्या कुठे गेलं. "वाजवून दाखवा बघू," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले आणि पडद्याला नाक लागेपर्यंत पुढे झाले.

तिनं फुंकलं. फस्स. काकांनी तिच्या ओठांकडे पाहिलं, जबड्याकडे पाहिलं, आणि आयुष्यभराची नजर जिथं जायची तिथं गेली. पण चारचौघांत ते काही बोलले नाहीत. "वर्ग संपला की थोडं थांबाल का?" एवढंच म्हणाले.

बाकीचे गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ताई, राग मानू नका. पुढचे वरचे दात काढते-घालते आहेत ना? त्यांची पकड ढिली झालीय."

बाई एकदम मोठ्यानं हसली, अगदी हाताआड तोंड न लपवता. "अहो, घरात कोणाला माहीत नाही! तुम्हाला कसं कळलं?"

"जन्म त्यातच गेला हो. तुम्ही फुंकता तेव्हा ते सुटतील म्हणून दात घट्ट आवळून धरता. मग ओठ कसे मोकळे राहणार? डॉक्टरांकडून त्यांना धरणारी तार आवळून घ्या, किरकोळ काम असतं. आणि तोवर फुंकूच नका. काच पुसायच्या आधी तिच्यावर हाऽ करतो ना, तसा नुसता श्वास सोडा."

तिनं श्वास सोडला. स्वच्छ, एकटा सूर आला आणि खोलीत भरून राहिला. बाईनं माउथ ऑर्गन उलटासुलटा करून पाहिला, जणू आत दुसरंच कोणीतरी बसलं होतं. पुन्हा वाजवला, पुन्हा तोच. दारातून काकू टाळ्या वाजवत आत आल्या.

"खरं सांगू का काका," बाई म्हणाली, सरांचे काका कधी झाले तिला कळलं नाही, "मी त्या फुकटच्या आठवड्यातही होते. कॅमेरा बंद करून."

"मग तेव्हा का नाही विचारलंत?"

"फुकट बसायचं आणि वर तक्रार करायची? लाज वाटली. गुपचूप निघून गेले. या खेपेला पैसे भरले, म्हटलं आता भांडायचंच."

पैसे घेतले की लोक डोक्यावर बसतील, अशी काकांना धास्ती होती. पण हिला विचारायचं बळ आलं होतं ते त्या पैशांमुळेच. तेव्हा फुकट येऊन मुकाट्यानं निघून गेलेल्यांत अशी आणखी कितीजण असतील, या विचारानं त्यांना चुटपुटही लागली.

त्यांनी लेकीला सांगितलं, "आठवडा विकतच राहू दे. पण पहिला धडा दाराबाहेर ठेव, कोणीही फुकट ऐकावा असा. आणि खाली लिही, तक्रार असेल तर वर्गात सगळ्यांसमोर करा, काकांना आवडते."

"बाबा, असं कोणी लिहितं का?"

"लिही गं तू!" मागून काकू ओरडल्या.

लेकीनं लिहिलं. बसवाली ताई वर्षाची वर्गणी भरून सभासद झाली, आणि डेपोतल्या दोघा कंडक्टरांनाही तिनं ओढून आणलं. शनिवारी दुपारी आता दहाबारा जण जमतात. सगळ्यांनी एकदम वाजवलं की इंटरनेटच्या कृपेनं कोणी गाण्याच्या ओळीच्या सुरुवातीला असतो, कोणी शेवटाला, आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी खाली येऊन घरात काय चाललंय ते विचारतात. काका त्यांना आत बोलावून खुर्ची देतात. त्यातले एक शेजारी परवा वाद्य कुठं मिळतं याची चौकशी करून गेले; काकूंनी त्यांना वेबसाइटचा पत्ता दिला आणि पहिल्या आठवड्याचे पैसे मात्र सोडले नाहीत.