कडेवर पोर आणि ओठांवर भजन

विनोदिनीला जुळे मुलगे झाले तेव्हा तिची थोरली सरस्वती तीन वर्षांची होती. नवरा जयराम मुरगाव बंदरात कामाला होता. बस आणि फेरीबोट बदलत तो शनिवारी पार्श्याला, आपल्या गावी यायचा आणि सोमवारी पहाटे परत जायचा. गोवा मुक्त होऊन दहाएक वर्षं झाली होती. बंदरात कामाला तोटा नव्हता आणि विनोदिनीला घरात.

तिचं माहेर डिचोलीचं. तिथं रोज तिन्हीसांजेला भजन व्हायचं आणि ती स्वतः पेटी वाजवून गायची. सासरी आल्यावर तिने हा नेम मोडला नव्हता. पण जुळे आले आणि पेटी माळ्यावर गेली. एकाला पेज भरवावी तर दुसरा बाल्दीत हात घालून बसलेला. देवळात जाणं तर सुटलंच.

एका संध्याकाळी शेजारची चंद्रावती नारळ द्यायला आली, तर विनोदिनी चुलीपुढे डोळे पुसत होती.

"काय झालं गो?" चंद्रावतीने विचारलं.

"काकी, काल देवाकडे दिवासुद्धा लावला नाही. आठवण झाली तेव्हा सगळी निजली होती. देवाला काय वाटलं असेल?"

चंद्रावतीने पाच मुलं वाढवली होती. तिने नारळ खाली ठेवला आणि जुळ्यांतल्या रडणाऱ्या कृष्णनाथाला उचलून कडेवर घेतलं.

"देवाला काय वाटायचं? तुझ्या घरात काय चाललंय ते त्याला दिसत नाही होय? दिवा मी लावते. तू पेज ढवळ, आणि ढवळता ढवळता म्हण काहीतरी. किती दिवसांत तुझा आवाज ऐकला नाही."

विनोदिनीला आधी सूरच सापडेना. मग माहेरची एक गौळण आठवली. दुसऱ्या कडव्याला कृष्णनाथ गप्प झाला. तिसऱ्याला दुसरा, दत्ताराम, रांगत येऊन तिच्या पायाला टेकून बसला. सरस्वती टाळ्या वाजवू लागली. पेज थोडी खाली लागली, पण त्या रात्री विनोदिनी कितीतरी दिवसांनी हलक्या मनाने जेवली.

दुसऱ्या दिवशी चंद्रावती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी सुनेला आणि नातवाला घेऊन आली. हळूहळू गावातल्या त्यांच्या वाड्यावरच्या सात-आठ बायका जमू लागल्या. कोणी अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, गुंफायच्या, कोणी मांडीवर पोर थोपटायच्या, आणि सगळ्या गायच्या. जयरामने माळ्यावरची पेटी खाली काढून पुसून दिली. पुढच्या शनिवारी येताना त्याने टाळांच्या दोन जोड्याही आणल्या.

गावच्या देवीच्या देवळातला भजनी सप्ताह जवळ आला. टाळ थांबू द्यायचा नाही, वाड्यावाड्याने पाळी घ्यायची, असा रिवाज. त्या वर्षी दुपारच्या पाळीचे बरेच गडी लग्नाच्या वऱ्हाडात जाणार होते. बाबुराव देवळाची व्यवस्था बघायचे. जाता-येता त्यांनी या बायकांचं गाणं ऐकलं होतं.

"विनोदिनीच्या बायकांना ती पाळी द्या," पाळ्या ठरवताना ते म्हणाले.

"बायकांना?" कोणीतरी विचारलं. "आणि पोरांचं काय करतील?"

"पोरं घेऊनच येतील. देवीला पोरांचा काय त्रास?"

त्या दुपारी देवळाचा चौक भरला. विनोदिनीने पेटी उघडली, चंद्रावतीने टाळ धरला आणि गाणं लागलं. जुळे नेहमीप्रमाणे आईच्या आवाजावर झोपी गेले, टाळ-मृदंगाच्या गजरातसुद्धा.

पाळी संपली. पुढच्या वाड्याच्या पुरुषांनी सूर धरला. आवाज बदलला तशी दोन्ही पोरं एकदम जागी झाली आणि त्यांनी असा टाहो फोडला की मृदंगवाल्याचा हात अडखळला.

बाबुराव हसत म्हणाले, "विनोदिनी, तूच गा बाई. नाहीतर हे आमचं भजन चालू देणार नाहीत."

मग दोन्ही पोरांना दोन्ही बाजूंना घेऊन ती पुरुषांच्या मेळात गायली. जयराम खांबाजवळ उभा होता. हसू आवरत त्यानेही मागून टाळ्यांचा ठेका धरला. विनोदिनीला देवीचा मुखवटा समोर दिसत होता, आणि तीही हसतेय असं तिला खरोखरच वाटलं.

पुढच्या वर्षीपासून ती पाळी बायकांचीच झाली. आता त्या मंडळात वीसएक जणी आहेत. नव्याने आई झालेली कोणी येईनाशी झाली की विनोदिनीबाई स्वतः तिच्या दारात जातात, आधी पोर कडेवर घेतात आणि मग विचारतात, "चल, कोणतं म्हणूया?"