पहिल्या शीलापाशी

रिसोडच्या स्टँडवर जीपवाला मला नेहमी पुढची सीट देतो. "सरका बे, बॉम्बवाली मॅडम आली." हा लौकिक माझ्या बाबांनी पसरवलेला. मी अणुचाचण्यांशी संबंधित खात्यात लागले एवढंच त्यांनी ऐकलं आणि आमच्या रिठद गावभर सांगून टाकलं. खरं तर मी भूकंपयंत्रांच्या नोंदी वाचते. कोणी जमिनीखाली चोरून अणुचाचणी केली, तर ती पकडायचं आमचं काम. पण समजावून सांगायचा मला कंटाळा. आणि खोटं कशाला बोलू, पुढची सीट आवडायचीही.

यंदा बुद्धपौर्णिमेला विहारात आईशेजारी बसले होते. सगळे पंचशील म्हणत होते. पहिलं शील, जीवहत्या न करण्याचं, आलं आणि आई गप्प बसली. दुसऱ्यापासून पुन्हा तिचा खणखणीत आवाज सुरू.

बाहेर पडल्यावर विचारलं, "आई, पयलं काहून नाई म्हनलं?"

"कोन्या तोंडानं म्हनू? पोरगी बॉम्ब बनोते. तू नोकरीले लागली तवापासून नाई म्हनत."

सहा वर्षं झाली होती नोकरीला. मला स्वतःची इतकी चीड आली की रस्त्यातच थांबले.

"मी नाई बनवत वं. कोनी फोडला तं आमी पकडतो."

"जमीन तं भूकंपानंबी हालते. मंग कसं समजते?"

आईनं विहिरींच्या खोदकामावर मजुरी केलेली. मी तेच धरलं. "सुरुंग उडाला का दनका चारीकडं बाहेर जाते ना? भूकंपात जमीन घसरते. एकीकडं ढकलते, दुसरीकडं वढते. पयल्या धक्क्यातच पुष्कळदा फरक दिसते."

"आन् दुसऱ्या देशानं 'आमी नाई फोडला' म्हनलं तं?"

"त्यायचे शास्त्रज्ञबी तेच मोजते. एकमेकाच्या नोंदी ताडून पाहातो आमी. म्हनून लपवनं कठीन हाय."

"भांडनाऱ्या देशातले बी?"

"हाव."

ती जराशी हसली. मग एकदम म्हणाली, "म्या लाजंनं गप्प राह्यली. तू काहून गप्प होती?"

तिनं माझा हात धरला आणि मागे फिरली. विहारात माणसं खिरीला बसली होती. आईनं वाढणाऱ्याला थांबवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "खीर मंग खा. माही पोरगी काय काम करते, ते तिच्या तोंडून आयका."