सहाशे ओहमचा भार

मेलानिया फेदोर्चकने सिरिल ह्रिंकोला पहिल्यांदा नीट पाहिलं ते चर्चमध्ये, तो फादरना दटावत होता तेव्हा.

"माइकवर फुंकर मारू नका, फादर. मेणबत्ती आहे का ती?"

पेनसिल्व्हेनियातल्या त्या कोळशाच्या गावात फादरशी असं बोलणारा दुसरा कोणी नव्हता. सिरिलने तीस वर्षं रेडिओ केंद्रात तारा जोडल्या होत्या. चर्चचे माइक आणि कर्णे तो हौसेने सांभाळायचा. तारांच्या जोडाला डाख देताना जीभ दातांत धरायचा आणि तारांचे उरलेले तुकडे वेचून खिशात घालायचा.

मेलानियाचा नवरा वासिल चर्चचा मुख्य गायक. त्याच्या खर्जावर चाळीस वर्षं प्रार्थना उभी होती. त्याच्या घशात गाठ निघाली. सोमवारी स्वरयंत्र काढणार होते. त्याआधी त्याचा आवाज फितीवर उतरवून दे, एवढंच मेलानियाने सिरिलकडे मागितलं.

शनिवारी सिरिल टेपयंत्र घेऊन चर्चमध्ये आला. वासिलने तिथला जुना, स्फटिकाचा माइकच हवा म्हणून हट्ट धरला.

"हा माझ्याइतकाच म्हातारा आहे. आम्हाला एकमेकांची सवय आहे."

"तुझ्यापेक्षा कमी बोलतो, एवढाच फरक," सिरिल म्हणाला.

केंद्रात शिस्त अशी, की प्रत्येक तारेच्या शेवटी सहाशे ओहमचा रोध, म्हणजे विजेला अडवणारा छोटा तुकडा, जोडायचा. सिरिलच्या पेटीतल्या प्रत्येक प्लगमध्ये तो कायमचा बसवलेला असे. त्यातलाच एक प्लग त्याने टेपयंत्रात खुपसला. हेडफोन गळ्यातच राहू दिला. यंत्रावरचा आवाज मोजणारा काटा हलेना, म्हणून आवाज वाढवायची कळ शेवटपर्यंत फिरवली. काटा हलला.

"गा," तो म्हणाला.

वासिल तासभर गायला. शेवटी रुमाल तोंडाला लावला, तेव्हा त्यावर रक्त उमटलं.

आठवड्याने वासिल घरी आला, गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी. सिरिलने फीत लावली. नुसती खरखर, आणि तिच्या आत खोल कुठेतरी डासाएवढा एक आवाज. वासिलने पाटीवर लिहिलं, 'हा कोण?'

सिरिलने ती पाटी वाचली. पेटीतून तो प्लग काढून उघडला आणि आतला रोध बोटाने चाचपला.

"ह्या माइकमध्ये जोर नसतो," तो खाली बघत म्हणाला. "त्याचा स्वतःचा रोध लाखो ओहमचा. पुढे यंत्रात त्याहून मोठा रोध असला, तर त्याच्यावर भार पडत नाही. मी सहाशेचा लावला. इतका लहान रोध म्हणजे फार मोठा भार. सगळा आवाज माइकमध्येच जिरला. खर्ज तर सगळ्यात आधी."

"मग तो परत काढ ना."

"फितीवर गेलाच नाही तो, मेलानिया."

"पण तू ऐकत होतास ना?"

सिरिलने नकारार्थी मान हलवली. "दोन वर्षं झाली, मला धड ऐकू येत नाही. काटा बघून काम करतो. त्या दिवशी तो नुसत्या खरखरीनेच हलला."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?"

"सांगितलं असतं, तर बोलावलं असतंस?"

मेलानियाने उठून यंत्र बंद केलं.

वासिल ईस्टरच्या आधी गेला. अंत्यविधीला सिरिल शेवटच्या बाकावर बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने आपली पेटी रेडिओ केंद्रातल्या मुलांना देऊन टाकली. आता तो गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मागच्या खोलीत बसून खिळे वजन करून पिशव्यांत भरतो.